तेच युनिट, तीच भाकर, तरी साखर खाली

औषध वाढवलेलं नाही, जेवण बदललेलं नाही, चालणं वाढलेलं नाही आणि तरी उपाशीपोटीची साखर १६० वरून १३०, मग ९५, मग ७२ अशी आपोआप उतरत आली, तर पेढे वाटण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की साचणारा टाकाऊ पदार्थ) तपासून घ्यावं. आमच्या घरी मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नेमकं हेच झालं. वय ६६, मधुमेह जुना, इन्सुलिन काही वर्षांपासून सुरू. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडचं. जानेवारीपासून वर्षभर जे करावं लागलं ते तारखेवार वहीत होतं, त्यावरून हे लिहिते आहे. इथले डोसचे आकडे मामाजींचे आहेत. ते उचलून दुसऱ्या कुणाला देऊ नयेत.

त्या वेळी त्यांना ३०/७० चं मिश्र इन्सुलिन (तीस टक्के लवकर काम करणारं, सत्तर टक्के सावकाश) होतं: सकाळी २२ युनिट, संध्याकाळी १४. जोडीला ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्या. जानेवारीच्या शेवटी एका रात्री तीनच्या सुमारास बनियन घामाने ओलं, बोलणं असंबद्ध. ग्लुकोमीटरवर ४८. साखरेचं पाणी पाजल्यावर वीसेक मिनिटांत माणूस भानावर आला आणि म्हणाला, "काऊन उठवलं वं मले?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. गावात सल्ला मिळाला की रात्री एक पोळी जास्त खाऊ घाला. पण पुढच्या आठवड्यात पोळी खाऊनही पुन्हा ५६.

फेब्रुवारीत ग्रामीण रुग्णालयात रक्त-लघवी तपासली. केस पेपरला पैसे लागले नाहीत, क्रिएटिनिन तिथेच झालं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. आधीच्या वर्षी १.७ होतं, आता २.६. कागदावर नुसतं क्रिएटिनिन लिहून देतात, त्यावरून काही कळत नाही. वय आणि स्त्री-पुरुष धरून त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढून मागावा. मामाजींचा ४४ वरून २६ वर आला होता. ३० ते ४४ ही किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्याची खालची पायरी, १५ ते २९ हा चौथा टप्पा. लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही सोबत सांगितली होती, ती मात्र बाहेरून करावी लागली.

साखर का उतरत होती ते मेडिकल ऑफिसरांनी नीट उलगडून सांगितलं. स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि बरंचसं तिथेच संपतं. सुईने दिलेलं इन्सुलिन यकृताला वळसा घालून थेट रक्तात येतं, त्यामुळे ते मोडून टाकण्याचं मोठं काम किडनीवर पडतं. किडनी थकली की कालचं इन्सुलिन आज सकाळपर्यंत रेंगाळतं आणि त्यावर आपण आजचं घालतो. शिवाय उपाशी असताना किडनीही थोडी साखर तयार करून रक्तात सोडत असते, तेही कमी होतं. भूक मंदावते, अंग वाळतं. या सगळ्यांचा रोख एकाच बाजूला, साखर खाली. म्हणजे चिठ्ठीवरचा डोस तोच राहिला तरी अंगात तो वाढलेलाच असतो.

म्हणून त्याच दिवशी तीन गोष्टी झाल्या. मेटफॉर्मिन बंद, कारण ईजीएफआर ३० च्या खाली ते देत नाहीत. ग्लिमेपिराइड बंद, कारण किडनी मंद असताना तेही अंगात साचून साखर पाडतं. (त्याच जातीची जुनी गोळी ग्लिबेनक्लामाइड त्याहून वाईट. जुन्या चिठ्ठ्यांवर ते अजून दिसतं आणि मेडिकलवाला तीच चिठ्ठी बघून देत राहतो.) आणि इन्सुलिन एकूण ३६ वरून २७ युनिट, म्हणजे पाव हिस्सा कमी: सकाळी १८, संध्याकाळी ९. ईजीएफआर १० ते ५० असेल तर साधारण पाव, १० च्या खाली गेला तर निम्मा डोस कमी करून सुरुवात करतात, हा डॉक्टरांचा जुना अंदाज आहे. पुढचं बोटाच्या तपासण्यांवर ठरतं. संध्याकाळचा डोस जास्त छाटला, कारण ३०/७० मधला सत्तर टक्के भाग चार ते दहा तासांनी जोरात येतो. संध्याकाळी सातला घेतलेल्या इन्सुलिनचा तो जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत चालतो आणि घर तेव्हा झोपलेलं असतं.

डोस बदलल्यावर पहिला आठवडा दिवसातून चार वेळा बोट टोचायचं: उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळच्या सुईआधी आणि झोपताना. त्यात दोन रात्री पहाटे तीनलाही. एक पट्टी आम्हाला वीस रुपयांच्या आसपास पडली, म्हणजे आठवड्याचे सहाशेच्या घरात. जड जातं, पण पैसे वाचवायचेच असतील तर ते पुढच्या महिन्यात वाचवावेत, त्या आठवड्यात नाही. लक्ष्य आम्हाला उपाशीपोटी ११० ते १५० दिलं होतं. ९० आलं की घरच्यांना आनंद होतो, पण या आजारात ९० म्हणजे कठड्याच्या कडेला उभं राहणं आहे.

एचबीए१सी वर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, फार विसंबू नका असंही तिथेच सांगितलं. किडनीच्या आजारात रक्त कमी होतं, लोहाची किंवा रक्तवाढीची इंजेक्शनं लागतात, कधी रक्त चढवावं लागतं. या सगळ्यात तो आकडा खरा राहत नाही. आपल्या पूर्व विदर्भात आणि यवतमाळ पट्ट्यात आणखी एक कारण आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सिकलसेलचा रुग्ण असेल तर एचबीए१सी धरूच नये. नुसता वाहक असेल तर कोणत्या पद्धतीच्या मशीनवर तपासणी झाली त्यावर ठरतं. सिकलसेलचं कार्ड असेल तर मधुमेहाच्या फाइलला ते पहिल्या पानावर लावावं, कारण विचारत कुणी नाही. ग्लुकोमीटरही अगदी धुतल्या तांदळासारखा नसतो: हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर काही मीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. मामाजींचं हिमोग्लोबिन साडेआठच्या आसपास. त्यामुळे मीटरवर ८० आणि अंगाला घाम असेल, तर आम्ही ती कमीच धरतो.

मार्चपर्यंत रात्रीची साखर सावरली. या काळात साखर कमी झाल्यावर नेमकं काय करायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावलं, कारण घरात दरवेळी एकच माणूस नसतो. ७० च्या खाली आली, किंवा मीटर सापडत नाही पण लक्षणं आहेत, तर चहाचे तीन सपाट चमचे साखर अर्ध्या कपापेक्षा कमी पाण्यात. पाणी कमी, कारण पाय सुजलेल्या माणसाला पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की अर्धी भाकर किंवा दोन-तीन बिस्किटं.

संत्र्याचा रस नाही, नारळपाणी नाही. आपल्याकडे संत्रं हाताशी असतं आणि पाहुणे शहाळं घेऊनच येतात, पण दोन्हींत पोटॅशियम भरपूर. ते बाहेर टाकणं थकलेल्या किडनीला जमत नाही आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. पेढा, चॉकलेटही नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा चढते. साधी साखर किंवा ग्लुकोजची पावडर बरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साखर ११० झाली म्हणून झोपून जायचं नाही. इन्सुलिन अजून रेंगाळत असतं, त्यामुळे तासाने एकदा आणि पुढे दोन-तीन तासांनी पुन्हा तपासायचं. साखर पाडणारी गोळीही सुरू असेल, तर एकदा सावरलेला माणूस दिवसभरात पुन्हा पुन्हा खाली जाऊ शकतो. त्याला रुग्णालयात ठेवणंच बरं. माणूस गिळू शकत नसेल, बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखर चोळायच्या भानगडीत पडायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ लावायचा. फोनवर 'शुगर पेशंट, इन्सुलिनवर, बेशुद्ध' एवढं आधी बोलायचं, गावाचा रस्ता नंतर सांगायचा.

मामाजींना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आहे. त्या जातीच्या गोळ्या धडधड आणि थरथर झाकतात. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून आमच्याकडे खूण एकच: पंखा चालू असताना मान ओली लागली की बोट टोचा.

एप्रिल लागला आणि दुसराच प्रश्न उभा राहिला. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लाईट दुपारीच जाते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या खणात किंवा त्याला टेकून नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर जसंच्या तसं दिसू शकतं, पण कामाचं राहत नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण 'बाहेर' म्हणजे २५-३० अंश. आपल्या टिनाच्या घरातला मे नव्हे. फ्रिज नसेल तर माठाचा उपाय खरंच चालतो. मोठ्या कुंडीत रेती, रेतीत छोटं मडकं, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी, मडक्यात झाकणाची कोरडी डबी आणि डबीत बाटली. हे सावलीत पण वाऱ्याला ठेवायचं. बंद खोलीत पाणी उडत नाही आणि मडकं गार होत नाही. ओलं फडकं वरून. जुलैच्या दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही, पण तेव्हा उन्हाचा ताप तरी नसतो. पट्ट्यांची डबी मात्र माठातही नको, फ्रिजमध्येही नको. ओल लागली की पट्ट्या चुकतात.

बाटली आणताना गाडीच्या डिक्कीत टाकू नये, उन्हात डिक्की तापते. आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यातून आणतो. ३०/७० चं इन्सुलिन दुधाळ असतं. दहा वेळा तळहातांत फिरवायचं, दहा वेळा उलटंसुलटं करायचं, खळखळ हलवायचं नाही. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून पांढरा थर धरला, तर ती बाटली टाकायची. उन्हाने कमजोर झालेल्या बाटलीचा दुहेरी धोका आहे. साखर वाढते, म्हणून डोस वाढवला जातो, मग नवी चांगली बाटली उघडतो आणि तोच वाढीव डोस पूर्ण ताकदीने लागतो.

जूनमध्ये सरकारी पुरवठ्याची बाटली संपली आणि बाहेरून घ्यावी लागली. दीडशे ते पावणेदोनशे रुपये. इथे मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण जीव जातो तो इथे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटवालं, जे सरकारी रुग्णालयात आणि साध्या बाटलीत सहसा असतं, आणि १०० युनिटवालं, जे पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांतही असतं. सिरिंजही दोन: ४० साठी लाल टोपीची, १०० साठी केशरी टोपीची. आम्हाला दुकानातून बाटली ४० ची आणि सिरिंज केशरी टोपीची मिळाली. "सगळ्या सारख्याच असतात ताई," असं वर ऐकवलं. केशरी सिरिंजवर १८ च्या रेघेपर्यंत ४० चं इन्सुलिन भरलं तर अंगात जातं सात युनिट. साखर चढत राहील, निदान लगेच जीव जाणार नाही. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १८ पर्यंत भरलं, तर जातात ४५ युनिट. किडनीच्या रुग्णाला ते रात्रभर पुरतं. म्हणून बाटलीवरचा '४०' किंवा '१००' आधी वाचायचा, मग सिरिंजवरचा, आणि दोन्ही आकडे मोठ्याने बोलायचे. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने कधीही इन्सुलिन काढायचं नाही. सुया रुग्णालयातून मिळतात त्या घ्याव्यात. बाहेर एक सिरिंज आठ-दहा रुपयांना पडते.

सुईची जागा पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून पुढे, दरवेळी थोडी सरकवून. मामाजींच्या पोटावर उजवीकडे लिंबाएवढी मऊ गाठ झाली होती, कारण तिथे दुखत नाही म्हणून ते तिथेच घ्यायचे. गाठीत इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. पण जागा बदलताना सावध राहावं लागतं, कारण चांगल्या कातडीत तोच डोस जास्त लागतो. आम्ही जागा बदलली ती डॉक्टरांना सांगून, दोन युनिट कमी करून आणि तो आठवडाभर चार वेळा तपासून.

सुई आणि जेवणातलं अंतर हे वावरात जाणाऱ्या घराचं दुखणं. हे साधं मिश्र इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. पण चौथ्या टप्प्यात सकाळी मळमळ असते. सुई घेतली आणि ताटावर बसल्यावर "नको वाटते" म्हटलं, तर मग काय? आमचा नियम ठरला, भाकर तव्यावर पडल्याशिवाय सुई नाही, आणि मळमळ असेल तर आधी दोन घास खाऊन बघायचे, मग सुई. अंतर थोडं चुकतं, साखर जरा वर राहते, ते चालतं. भूक रोजच बेभरवशाची असेल तर जेवणाच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर घेता येणारं इन्सुलिन डॉक्टरांना विचारता येतं. महाग असतं. निंदणाच्या दिवसांत वावरात जायचं तर शिदोरी बाराला उघडायची, काम संपल्यावर नाही, आणि खिशात साखरेची पुडी.

जुलैत हगवण लागली. दोन दिवस जुलाब आणि उलट्या. गावातल्या डॉक्टरांकडे अंगदुखीचं इंजेक्शन तयारच होतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं किडनीच्या रुग्णाला नको, पॅरासिटामॉल चालतं. हे चिठ्ठीवर लाल अक्षरात लिहून घेतलेलं होतं म्हणून वाद झाला नाही. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी आणखी मंदावते आणि इन्सुलिन आणखी रेंगाळतं. उलट ताप-जंतुसंसर्गाने साखर चढतेही. म्हणून अंदाजाने काही करू नये. दर चार तासांनी आकडा फोनवर सांगितला, डॉक्टरांनी सकाळचा डोस १२ वर आणला, रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी खाणं-पिणं सुरू होईपर्यंत थांबवली. टाईप १ च्या रुग्णाने आजारपणातही इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, मामाजींचं प्रकरण टाईप २ चं आहे. त्या आठवड्यात क्रिएटिनिन ३.४ झालं, नंतर २.८ वर टेकलं. डोस मग १६ आणि ८ वर स्थिरावला.

श्रावणाचे सोमवार त्यांनी सोडले नसते. मिश्र इन्सुलिन आणि उपास यांचं जमत नाही, कारण सकाळची सुई दुपारचं जेवण गृहीत धरूनच चालते, आणि उपासाचे बटाटे-रताळी पोटॅशियमने भरलेली. शेवटी आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तोडगा काढला: उपास त्या करतील, दिवा मामाजी लावतील. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या आणि आंबिलीचा नैवेद्य होऊन पंगत बसायला तीन वाजतात. त्या दिवशी मामाजींना साडेबाराला स्वयंपाकघरातच भाकर आणि वरण दिलं. कुणी काही म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी दिलं असतं.

ऑक्टोबरपासून नागपूरच्या किडनीच्या डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं. एसटीत दोघांनाही अर्धं तिकीट, पण पहाटेची गाडी धरली तरच ओपीडीची वेळ साधते. त्या दिवशी सकाळची सुई घरी घ्यायची नाही. डबा आणि इन्सुलिन सोबत न्यायचं, तिथे पोचून बसायला जागा मिळाली की सुई आणि जेवण. रांगेत भूक लागल्यावर खायला पार्ले बिस्किटांचा पुडा.

डायलिसिस अजून सुरू नाही, पण तयारीचं बोलणं झालं. डावा हात जपायचा: त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन नाही, रक्तदाबही नाही, कारण पुढे फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) तिथे होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं हवं. आमच्याकडे एका कागदावर वडिलांच्या नावात फरक निघाला, तो दुरुस्त करायला तहसीलमध्ये महिना गेला. हे काम आताच, घाई नसताना करून ठेवावं. डायलिसिसच्या दिवशी आणि त्यानंतरच्या रात्री साखर पडते, त्यामुळे त्या दिवसाचा डोस वेगळा असतो. तो लिहून मागायचा: डायलिसिसच्या दिवशी किती, मधल्या दिवशी किती, सुई जाण्याआधी की आल्यावर. पुढची तारीख मिळाली की क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन आदल्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयातच करून न्यायचं. नागपुरात तेच रिपोर्ट करायचे म्हटले तर एक मुक्काम वाढतो, आणि मुक्कामाला इन्सुलिन गार ठेवायची सोय बघत फिरावं लागतं.